अडतीस टॉवेल आणि एक व्हायोलिन

डोळे मिटायची काही गरज नाही. मिटलेस तर पुढचं वाचणार कोण? उघड्या डोळ्यांनीच कल्पना करून बघ.

सोलापुरातला एक मोठा हॉल. मार्च महिन्यातला रविवार, सकाळची वेळ. बाहेर ऊन असं, की सायकलच्या सीटवर बसायच्या आधी हात लावून बघावा लागतो. आत स्टेजवर सदतीस खुर्च्या मांड. त्यांवर सदतीस माणसं बसव आणि सगळ्यांना काळे कोट घाल. हो, काळे कोट, सोलापुरात, मार्चमध्ये. ती पुण्याहून आली आहेत, त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांच्यासमोर अडतिसावा माणूस उभा कर, हातात पांढरी बारीक काडी घेतलेला. ते उदयसिंह सर. कोण कधी सुरू होणार, कोण किती हळू वाजवणार, हे ते काडीनं सांगतात. स्वतः एकही सूर वाजवत नाहीत, पण घाम सगळ्यांत जास्त त्यांनाच येतो.

आता त्यांच्या डाव्या हाताला एक अकरा वर्षांची मुलगी उभी कर. दोन वेण्या, हिरवा कुडता, हनुवटीखाली व्हायोलिन. तिच्या पोटात भीतीचा एक गोळा ठेव. लिंबाएवढा नको, चांगला कलिंगडाएवढा ठेव.

झालं? ही समरा.

समराला भीती कशाची वाटत होती, ते नीट समजून घे. चुकायची भीती तिला नव्हती. चुका ती रोज करायची, त्यात नवीन काय? इतक्या लोकांसमोर उभं राहायचीही नव्हती. तिला भीती एवढीच होती, की आजसुद्धा आपल्याला शेवट वाजवू देणार नाहीत.

कारण आजवर तिला कोणी शेवट वाजवूच दिला नव्हता.

पहिल्यांदा ती वाजवायला उभी राहिली ती शाळेच्या गॅदरिंगमध्ये. अर्ध्यावर आली आणि पाहुण्यांना दुसरीकडे जायचं होतं म्हणून बक्षीसवाटप सुरू झालं. दुसऱ्यांदा मावशीच्या लग्नात. तिथं ती चांगली पाऊणपर्यंत पोचली होती, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "जेवण लागलं!" आणि समोर नुसत्या रिकाम्या खुर्च्या उरल्या. तिसऱ्यांदा मोहल्ल्यातल्या कार्यक्रमात. शेवटच्या दोन ओळी राहिल्या होत्या आणि लाईट गेली. अंधारात ती वाजवतच होती, पण लोक एवढ्या मोठ्यानं "लाईट! लाईट!" ओरडायला लागले, की तिचं तिलाच ऐकू येईना.

आणि आजचा शेवट तर इतका सुंदर होता! आज वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी युरोपातल्या कुणीतरी लिहून ठेवली होती. एक व्हायोलिन पुढे आणि सगळा वाद्यवृंद मागे, असा त्याचा थाट. तीन भाग होते. पहिला ऐटबाज, दुसरा संथ, तिसरा पळापळीचा. तिसऱ्याच्या शेवटी सूर एक एक पायरी चढत जायचे, मग दोन दोन पायऱ्या, मग धाडधाड तीन तीन, आणि एकदम गच्चीवर! घरात वाजवताना त्या गच्चीवर पोचलं, की समरा उडी मारायची. खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी तीन वेळा तक्रार केली होती.

समराचे नाना, म्हणजे आईचे वडील, चांदसाब. निम्म्या सोलापूरची लग्नं त्यांच्या बँडनं लावली होती. बारा माणसं, लाल कोट, पुढे नाना आणि त्यांचं क्लॅरनेट. वरात निघाली, की पुढे पोरं नाचायची, मागे घोड्यावर नवरदेव घामानं निथळायचा. आता नानांचे पुढचे दात गेले, क्लॅरनेट कपाटात गेलं, पण बोलणं काही कपाटात गेलं नव्हतं.

"बेटा, बँडचा पहिला कायदा काय?" ते विचारायचे.

"गाण्याला गाणं चिकटवायचं," समरा म्हणायची. हे तिला पाठ होतं.

"आणि मधी जागा सोडली तर?"

"नवऱ्याचा मामा घुसतो."

"हौ! घुसतो की नाही?" नाना मांडीवर थाप मारायचे. "एक गाणं संपलं, दुसरं सुरू व्हायचं आहे, एवढ्यात मामा पुढं येतो. म्हणतो, मास्तर थांबा, आमच्या भाच्याचं कौतुक करायचं आहे. मग नोटा ओवाळतो, मग फोटो काढतो, मग दुसऱ्या मामाला राग येतो. अर्धा तास वरात जागेवर! घोडा बी वैतागतो. म्हणून जागाच सोडायची नाही. शेवटचा सूर ओढून धरायचा. मी धरायचो, आणि माझ्या मागं पोरं पुढचं गाणं तयार करायची."

"आणि नाना, श्वास कुठून घ्यायचा?"

"नाकातनं. गालात हवा ठेवायची, नाकानं घ्यायची. ऐकणाऱ्याला कळता कामा नये."

वरात दारात पोचली, नवरदेव घोड्यावरून उतरला, की नाना क्लॅरनेट दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरायचे आणि झपकन खाली आणायचे. ती खूण. संपलं, आता जेवायला चला. निम्मं सोलापूर त्या खुणेवर नाचायचं थांबलेलं आहे.

नानांनी समराचा शेवट मात्र कधी ऐकला नव्हता. घरात ती वाजवायची तेव्हा ते दुपारची झोप घ्यायचे, आणि झोपलेल्या नानांना उठवणं हे समराच्या घरात कुणाच्याच हिमतीचं काम नव्हतं. "तुझा शेवट मी लोकांत बसून ऐकणार," ते म्हणायचे. "घरात काय, घरात कुकर बी वाजतो."

तर आज नाना तिसऱ्या रांगेत बसले होते. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, आणि दोन्ही हात काठीवर.

आता या गोष्टीतला मामा भेटव म्हणशील, तर तो आदल्या दिवशीच भेटला होता.

त्याचं नाव शिवशरणकाका. सुरेल सांस्कृतिक मंडळाचे बावीस वर्षांचे चिटणीस. माणूस वाईट नव्हता, उलट फारच चांगला होता. पुण्याच्या वाद्यवृंदाला सोलापुरात आणायची कल्पना त्यांचीच, आणि आपल्याच गावची मुलगी पुढे उभी करायची हीसुद्धा त्यांचीच. उदयसिंह सर तीन वर्षांपूर्वी सुट्टीतल्या शिबिरात समराला भेटले होते आणि तेव्हापासून दर शनिवारी मोबाईलवर तिला शिकवत होते, हे शिवशरणकाकांनीच हुडकून काढलं होतं. फक्त त्यांना एक खोड होती. सत्काराशिवाय कार्यक्रम त्यांना मिठाशिवाय भाकरीसारखा लागायचा. एकदा त्यांनी हॉलचा पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाला शिडीवरून खाली उतरवून शाल घातली होती.

शनिवारी संध्याकाळी तालीम संपल्यावर ते हातात एक जाड कार्ड घेऊन उदयसिंह सरांकडे आले. समरा तिथंच गजाला, म्हणजे व्हायोलिन घासायच्या त्या लांब काठीला, राळ लावत उभी होती.

"सर, ह्या पोरीच्या वाजवण्याचे भाग किती?"

"तीन."

"सलग?"

"नाही. दोन भागांच्या मध्ये आम्ही जरा थांबतो. आणि काका, लोकांना एक सांगाल का? मध्ये टाळ्या वाजवू नका. तिन्ही भाग संपल्यावरच."

"सांगतो की. चांगलं दटावून सांगतो." काकांनी लिहून घेतलं. "मग सर, मधी काय असतंय?"

"काही नाही. शांतता."

"काहीच नाही? टाळ्या बी नाहीत?"

"काहीच नाही."

मोकळा प्लॉट बघून बिल्डरच्या तोंडावर जे येतं, ते शिवशरणकाकांच्या तोंडावर आलं. त्यांनी कार्डावर दोन चौकोन काढले, आणि गालातल्या गालात हसत निघून गेले.

सरांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते पुण्याचे. समराला मात्र कुठंतरी घोड्याच्या टापांचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं.

रविवारी साडेदहाचा कार्यक्रम अकरा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. प्रमुख पाहुणे मानसिंगराव अजून आले नव्हते. ते कुठल्यातरी कारखान्याचे अध्यक्ष होते आणि वेळेवर येणं त्यांच्या पदाला शोभलं नसतं. शिवशरणकाकांनी माईक हातात घेतला.

"रसिकहो, एक कडक सूचना. हे विलायती संगीत आहे. ह्यात मधी टाळ्या वाजवायच्या नसतात. पूर्ण संपेपर्यंत कोणीही टाळी वाजवणार नाही. संगीत चालू असताना कोणीही स्टेजवर पाय ठेवणार नाही. लहान मुलांचे हात आईवडिलांनी धरून ठेवावेत. आपल्या सोलापूरची पुण्यापुढं शोभा होता कामा नये!"

आणखी दोनदा त्यांनी हेच सांगितलं. तिसऱ्यांदा जरा बोट नाचवून. हॉल एवढा दचकला, की वाद्यवृंदानं सुरुवातीला एक छोटी रचना वाजवली, तीसुद्धा पूर्ण संपली, आणि कोणी बोटही हलवलं नाही. उदयसिंह सर प्रेक्षकांकडे वळून वाकले. प्रेक्षक त्यांच्याकडे बघत राहिले. सर पुन्हा सरळ झाले. काळ्या कोटातल्या एका बाईंनी बासरी पुसता पुसता शेजारच्याला विचारलं, "आपण एवढं वाईट वाजवलं का?"

मग समरा पुढे आली आणि पहिला भाग सुरू झाला.

सुरुवातीला तिची करंगळी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा घसरली नाही. मग ती विसरूनच गेली की करंगळी आहे. ऐटबाज सूर हॉलभर फिरायला लागले, मागून सदतीस जणांनी त्यांना उचलून धरलं. मधेच हॉलचं दार उघडलं, उन्हाचा एक पट्टा आत आला आणि त्यातून मानसिंगराव आले, मागे सहा माणसं. पहिल्या रांगेतल्या सहा जणांना उठवून ती सहा जणं बसली. समरानं तिकडे पाहिलं नाही. पहिला भाग तिनं असा झटक्यात संपवला, की सरांनी डोळ्यांनीच शाबास म्हटलं.

शांतता. एकही टाळी नाही.

आणि त्या शांततेत स्टेजच्या कडेनं शिवशरणकाका आले, मागे दोन कार्यकर्ते, आणि त्यांच्या डोक्यावर टॉवेलांचे गठ्ठे.

"मोकळा वेळ आहे," काका माईकमधून गोड आवाजात म्हणाले, "तर त्याचा सदुपयोग करून घेऊ या. मानसिंगरावांचं स्वागत, आणि मग त्यांच्या शुभहस्ते पुण्याच्या प्रत्येक कलावंताचा सत्कार, आपल्या सोलापूरच्या जगप्रसिद्ध टॉवेलानं!"

उदयसिंह सरांची काडी हवेतच राहिली.

अडतीस नावं वाचली गेली. काही दोनदा वाचली गेली, कारण पहिल्यांदा चुकीची वाचली होती. प्रत्येकजण वाद्य सांभाळत उठायचा, पुढे यायचा, मानसिंगराव त्याच्या गळ्यात टॉवेल घालायचे, दोघं फोटोवाल्याकडे बघायचे, फोटोवाला म्हणायचा, "अजून एक, सर." माणसाहून उंच व्हायोलिन वाजवणारे जाडजूड गृहस्थ वाद्य खाली ठेवायला तयार नव्हते, म्हणून मानसिंगरावांनी एक टॉवेल त्यांना घातला आणि शिष्टाचार म्हणून वाद्यालाही हात जोडले. नवीन टॉवेलाचे तंतू नाकात जाऊन बासरीवाल्या बाईंना सात शिंका आल्या. समरानं मोजल्या, तिला दुसरं काम नव्हतं.

शेवटचा टॉवेल सरांच्या गळ्यात पडला. गठ्ठा संपला. पुण्याच्या पत्रात लिहिलं होतं, आम्ही अडतीस जण येत आहोत. समरा पुण्याहून आली नव्हती, त्यामुळे तिचा टॉवेल कोणी आणलाच नव्हता.

घड्याळात बारा पंचवीस झाले होते. एक वाजता त्या हॉलमध्ये कुणाचातरी साखरपुडा होता. मागच्या दारातून मसालेभाताचा वास यायला लागला होता.

खाली उतरता उतरता शिवशरणकाका सरांच्या कानाशी वाकले. त्यांना वाटलं ते हळू बोलतायत. बावीस वर्षं माईकवर बोललेल्या माणसाला हळू बोलता येत नाही.

"सर, आता दुसरा भाग घ्या. नंतरच्या मोकळ्या जागेत साहेबांचं मनोगत. मग आभार, मग राष्ट्रगीत. हॉल सोडायला लागतो ओ."

समराच्या पोटातलं कलिंगड फुटलं.

"काका, आणि माझा तिसरा भाग?"

"अगं बेटा, दोन होतायत की! तीनातले दोन म्हणजे किती टक्के?"

"सहासष्ट," समराच्या तोंडून निघून गेलं. हुशार मुलांचं हेच वाईट असतं.

"सहासष्ट म्हणजे फर्स्ट क्लास! अजून काय पायजे?" त्यांनी मायेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. खरंच मायेनं, आणि त्याचाच जास्त राग येत होता.

समरानं सरांकडे पाहिलं. गळ्यात निळा टॉवेल घातलेले सर एकदम फार थकल्यासारखे दिसत होते. "आपण पाहुणे आहोत ना," ते पुटपुटले. "पुढच्या वेळी नक्की, समरा."

पुढच्या वेळी. गॅदरिंगमध्ये बाई हेच म्हणाल्या होत्या. मावशी हेच म्हणाली होती. लाईट गेली तेव्हा वायरमनही हेच म्हणाला होता, पण तो दुसऱ्याच कशाबद्दल.

तिनं तिसऱ्या रांगेत पाहिलं. नाना झोपले नव्हते. काठीवर हनुवटी ठेवून ते पुढे झुकून बसले होते, जत्रेत पाळण्याचा नंबर यायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

दुसरा भाग सुरू झाला.

संथ भाग हा फसवा असतो, लक्षात ठेव. भरभर वाजवताना हात विचार करतात, हळू वाजवताना डोकं विचार करायला लागतं. समराचं डोकं विचार करत होतं. मागे सदतीस जण गळ्यात टॉवेल घालून वाजवत होते, न्हाव्याच्या दुकानात रांगेत बसल्यासारखे. मोठ्या नगाऱ्यावर कुणाचातरी टॉवेल घसरून पडला होता, त्यामुळे त्याचा आवाज गादीवर उशी आपटल्यासारखा येत होता. पण सूर मात्र शांतपणे वाहत होते, आणि वाहत वाहत शेवटाकडे निघाले होते. पुढे मोकळी जागा होती. मोकळ्या जागेत मामा उभा होता.

आणि मामा खरोखरच उभा होता. स्टेजच्या कडेला शिवशरणकाका, एका हातात माईक, दुसऱ्या हातात शाल. खाली मानसिंगराव जॅकेट नीट करून खिशातून कागद काढत होते. एक, दोन, तीन, चार कागद. पाठपोट लिहिलेले.

शेवटचा सूर आला. लांब, बारीक, हळूहळू विरत जाणारा. मागचे सगळे थांबले. सरांनी काडी खाली केली. शिवशरणकाकांनी उजवा पाय स्टेजवर टाकला.

समरानं सूर सोडलाच नाही.

गज तारेवर पुढे जात होता, जात होता, टोकाला आला. आता संपणार. नाकातनं, ती मनात म्हणाली. ऐकणाऱ्याला कळता कामा नये. तिनं मनगट अलगद वळवलं आणि गज उलटा निघाला. सूर तसाच, एक केससुद्धा न तुटता.

काका थबकले. संगीत चालू असताना स्टेजवर यायचं नाही, हा नियम त्यांनीच तीनदा सांगितला होता, तोही बोट नाचवून. त्यांनी पाय मागे घेतला. मानसिंगराव अर्धे उठले होते, ते पुन्हा बसले.

सूर चालूच.

काकांनी पुन्हा पाय टाकला. समरानं गज जरा दाबला, सूर मोठा झाला. काकांनी पाय मागे घेतला. मानसिंगराव उठले, बसले. पुढच्या रांगेतली त्यांची सहा माणसंही त्यांच्याबरोबर उठली, बसली. मागे कुणीतरी कुजबुजलं, "हे बी विलायती पद्धतीतच असतंय का?"

सरांनी समोरच्या कागदावर बोट फिरवलं. एवढा लांब सूर तिथं कुणीच लिहिलेला नव्हता. त्यांनी समराकडे पाहिलं. समराच्या खांद्यात आता मुंग्या आल्या होत्या, पण तिनं एक भुवई उचलली आणि डोळे कडेला फिरवले. सरांनी तिकडे पाहिलं. हवेत अडकलेला एक पाय, एक शाल, एक माईक, आणि खाली चार कागद, पाठपोट.

सर पुण्याचे होते, पण खुळे नव्हते.

त्यांनी तीन बोटं दाखवली. सदतीस जणांनी पानं उलटली, एकदम, जोंधळ्याच्या पिकातून वारा गेल्यासारखा आवाज झाला. सगळ्यांत आधी जाडजूड गृहस्थांना कळलं. त्यांनी त्या माणसाहून उंच वाद्यावर बोटांनी ठुम, ठुम, ठुम सुरू केलं, आणि हसले. कार्यक्रम सुरू झाल्यापासून कोणीतरी पहिल्यांदाच हसलं होतं. सरांनी काडी उचलली. आणि समरानं तो लांबच लांब सूर तिसऱ्या भागाच्या पहिल्या सुरात असा ओतला, की कुठं शिवण होती ते शिंप्यालासुद्धा सापडलं नसतं.

तिसऱ्या रांगेत एक काठी जमिनीवर दणकन आपटली.

मग काय, पळापळ! समरा पुढे, वाद्यवृंद मागे. सर दोन ठिकाणी काडीनं "हळू, हळू" करत होते, तिनं ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. एका ठिकाणी ती एक अख्खी ओळ गाळून पुढे गेली. मागचे सगळे टॉवेल सावरत धावत येऊन तिला गाठून मोकळे. वरातीत कधी नवरदेवाचा घोडा पुढे निघतो, तेव्हा बँडला धावावंच लागतं.

आणि मग पायऱ्या आल्या. एक एक. दोन दोन. आता लाईट जाईल, तिला वाटलं. लाईट गेली नाही. आता कोणीतरी जेवायला बोलावेल. मसालेभाताचा वास आला, पण हाक आली नाही. तीन तीन, धाडधाड, आणि गच्ची!

समरा गच्चीवर पोचली. सवयीनं तिनं उडी मारली. धप्पकन स्टेजच्या फळ्या वाजल्या.

संपलं. शेवट झाला होता.

हॉलमध्ये चिडीचूप.

एकही टाळी नाही. शेकडो माणसं हात मांडीखाली दाबून बसली होती. एका छोट्यानं एकदाच टाळी वाजवली, त्याच्या आईनं त्याचे दोन्ही हात पकडले. "संपलं का?" कोणीतरी विचारलं. "गप की, मधलं असंल," उत्तर आलं. सगळे शिवशरणकाकांकडे बघत होते. आणि शिवशरणकाका कार्डाकडे बघत होते.

त्यांचाही हिशेब बरोबरच होता बघ. भाग संपला की मोकळी जागा, हे त्यांना ठाऊक होतं. मोकळी जागा आत्तापर्यंत एकच आली होती. म्हणजे ही दुसरी. म्हणजे दुसरा भाग आत्ता संपला, जरा लांबला इतकंच. त्यांनी शाल खांद्यावर टाकली, स्टेजच्या मधोमध आले आणि माईक तोंडाशी नेला.

"यानंतर," ते म्हणाले.

मानसिंगराव उठले.

समरानं व्हायोलिन दोन्ही हातांनी धरलं, चवड्यांवर उभी राहिली, ते डोक्यावर उंच, जेवढं जाईल तेवढं उंच नेलं, आणि झपकन खाली आणलं.

निम्म्या सोलापूरला ती खूण ठाऊक होती. उरलेल्या निम्म्यानं शेजारच्याकडे बघून ओळखली. आधी टाळ्या आल्या, मग शिट्ट्या आल्या, मग मागच्या रांगेतली पोरं खुर्च्यांमधून बाहेर येऊन नाचायलाच लागली. बासरीवाल्या बाई रडत होत्या, की शिंकत होत्या, ते कळत नव्हतं. नाना उभे राहिले होते आणि दोन्ही हातांनी काठी डोक्यावर धरून नाचवत होते. त्या काठीवरच ते चालायचे, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. मानसिंगरावसुद्धा टाळ्या वाजवत होते, आणि टाळ्या वाजवायला दोन हात लागतात, त्यामुळे त्यांचे चारही कागद खुर्चीखाली गेले.

शिवशरणकाकांचे ओठ हलत होते. ते बहुतेक "अजून एक भाग" म्हणत होते.

समरा त्यांच्याजवळ गेली. त्यांच्या हातातला माईक तिनं आपल्याकडे वाकवला आणि म्हणाली, "काका, झाले शंभर टक्के. आता माझा टॉवेल द्या."